केस किती आले, हे कोणी ठरवायचे?

कागदावर एक इंच व्यासाचे वर्तुळ काढा. साधारण पाच रुपयांच्या नाण्याएवढे होईल. सूत्राने त्याचे क्षेत्रफळ काढले तर ते सुमारे ५.१ चौरस सेंटिमीटर भरते. आता असेच वर्तुळ कोणाच्या तरी डोक्यावर आखून त्यातले केस मोजायचे म्हटले तर? हसू नका. हे काम खरोखरीच झालेले आहे, आणि तेही शेकडो डोक्यांवर. टक्कल पडू लागलेल्या पुरुषांसाठी असलेल्या फिनास्टेराइड या औषधाला अमेरिकेत १९९७ मध्ये परवानगी मिळाली. त्याआधी त्याची परीक्षा अशीच घेतली गेली. टाळूच्या मागच्या भागावर वर्तुळ आखायचे, भिंगातून छायाचित्र घ्यायचे आणि छायाचित्रावरून एकेक केस मोजायचा.

सुरुवातीला त्या वर्तुळात सरासरी ८७६ केस होते. एक वर्ष औषध घेतलेल्यांच्या वर्तुळात सरासरी ८६ केस वाढले. काहींना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांच्या वर्तुळातले सरासरी २१ केस कमी झाले. म्हणजे दोन्ही गटांत १०७ केसांचा फरक पडला. आकडा चांगला आहे, मोजणी चोख आहे, औषध काम करते यात शंका नाही.

आता त्या गटातला एखादा गृहस्थ आरशासमोर उभा आहे अशी कल्पना करा. ८७६ मध्ये ८६ म्हणजे शेकडा दहासुद्धा नाहीत. विशीतले आपले डोके परत मिळेल या आशेने तो आला असेल, तर आरसा त्याला ‘काही झाले नाही’ असे सांगेल. ‘आहेत तेवढे तरी राहू देत’ एवढीच त्याची इच्छा असेल, तर तो समाधानाने घरी जाईल. डोके तेच, केस तेवढेच, तरी एकाला अपयश दिसते आणि दुसऱ्याला यश.

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत आम्ही विद्यार्थ्यांच्या हाती व्हर्निअर कॅलिपर देतो, तेव्हा लघुतम माप किती, शून्य त्रुटी किती, हे सगळे विचारतो. पण त्याआधीचा एक प्रश्न सहसा विचारत नाही, कारण पाठ्यपुस्तकाने तो आधीच सोडवलेला असतो. तो म्हणजे, मोजायचे काय? केस गळण्याच्या विकारांवर उपचार शोधणाऱ्यांना या प्रश्नाने बरीच वर्षे सतावले, आणि त्याचे उत्तर अखेर रुग्णांनाच विचारावे लागले.

थोडे गणित करू. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. टाळूचे क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरला १६५ च्या आसपास केस येतात. रोज पन्नास ते शंभर केस गळतात आणि त्यांच्या जागी नवे उगवतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. आता समजा, एखाद्याचे निम्मे केस गेले. ते दोन प्रकारांनी जाऊ शकतात. आलेखाच्या कागदावर शंभर चौकटी आखा आणि प्रत्येकीत चार ठिपके द्या. एका कागदावर प्रत्येक चौकटीतले दोन-दोन ठिपके खोडा. दुसऱ्या कागदावर अर्ध्या भागातल्या पन्नास चौकटी पार कोऱ्या करा आणि उरलेल्या पन्नास तशाच ठेवा. दोन्ही कागदांवर दोनशेच ठिपके उरले. दोन्ही कागद भिंतीला टेकवून दहा पावले मागे जा आणि पाहा. पहिला कागद थोडासा फिका वाटेल; दुसरा अर्धा रिकामा दिसेल. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून घ्यावा, पाच मिनिटांचे काम आहे.

दुसऱ्या कागदासारखी अवस्था करणारा विकार म्हणजे चाई. डोक्यावर एखाद्या ठिकाणी नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडतो. आग नाही, खाज बहुधा नाही, खपली नाही, फक्त केस नाहीत. काहींचे चट्टे पसरून एकमेकांना मिळतात आणि सगळे डोके उघडे पडते. काहींच्या भुवया आणि पापण्यांचे केसही जातात. शंभर माणसांपैकी सुमारे दोघांना आयुष्यात केव्हा ना केव्हा चाई होते, आणि पुष्कळांच्या बाबतीत ती शाळा-कॉलेजच्या वयातच सुरू होते. तेव्हा तुमच्या शाळेत ती झालेले कोणी ना कोणी असणारच.

चाई म्हणजे केस खाणारी कीड, असे आपल्याकडे पुष्कळ लोक समजतात. कीड बिड काही नसते आणि चाई एकाची दुसऱ्याला लागतही नाही. तिच्या कंगव्याने केस विंचरले, तिच्याशेजारी बसले, तरी काही होत नाही. रोगजंतूंशी लढणाऱ्या आपल्या पांढऱ्या रक्तपेशींपैकी काही पेशी चुकून केसाच्या मुळावर चाल करून जातात. सूक्ष्मदर्शकाखाली मुळाभोवती त्यांचा गराडा दिसतो. डॉक्टर त्याला मधमाश्यांच्या थव्याची उपमा देतात. हल्ल्याने मूळ अशक्त होते आणि केस तळाशी बारीक होत होत तुटतो. चट्ट्याच्या कडेला असे आखूड केस भिंगातून पाहिले, तर ते वर जाड आणि खाली निमुळते, थेट उद्गारचिन्हासारखे दिसतात! मात्र मूळ मरत नाही, नुसते निपचित पडते. म्हणून कित्येक वर्षांनंतरही केस पुन्हा येण्याची शक्यता शिल्लक राहते. लहान चट्टा तर पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरून येतो. त्या वर्षात कांदा चोळला असेल तर श्रेय कांद्याला मिळते, तेल लावले असेल तर तेलाला. म्हणूनच नव्या औषधाची परीक्षा घेताना बिनऔषधाच्या गोळ्यांचा गट बरोबर ठेवावा लागतो.

चाई किती आहे हे मोजायला डॉक्टरांनी एक पद्धत बसवली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘सॉल्ट’ म्हणतात. मिठाशी तिचा काही संबंध नाही. डोक्याचे चार भाग करायचे. माथ्याला ४०, मागच्या भागाला २४, उजव्या बाजूला १८ आणि डाव्या बाजूला १८ असे भार द्यायचे. बेरीज १००. प्रत्येक भागातले शेकडा किती केस गेले ते अंदाजून त्या भाराने गुणायचे. समजा, माथ्यावरचे निम्मे गेले, ०.५० × ४० = २०. मागचे पाव गेले, ०.२५ × २४ = ६. डावीकडचे निम्मे गेले, ०.५० × १८ = ९. उजवी बाजू शाबूत. एकूण ३५. डोके पूर्ण केसांनी भरलेले असेल तर शून्य, एकही केस नसेल तर १००. भारित सरासरीचे इतके सुटसुटीत उदाहरण गणिताच्या पुस्तकातही क्वचितच मिळेल.

पण आता तीन रुग्ण घ्या. पहिल्याच्या मागच्या भागातले शेकडा ७५ केस गेले आहेत. दुसऱ्याची अख्खी डावी बाजू कोरी आहे. तिसऱ्याच्या माथ्यावरचे शेकडा ४५ केस गेले आहेत. हिशोब करून पाहा, तिघांचाही आकडा १८ च येतो. पहिल्या रुग्णाच्या जागी लांब केसांची मुलगी असेल, तर वरचे केस मागे सोडून ती चट्टा बराचसा झाकू शकेल. दुसऱ्याला आणि तिसऱ्याला टोपीवाचून गत्यंतर नाही. आकड्याला क्षेत्रफळ कळते, जागा कळत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या अकरावीच्या वर्गात एक मुलगा नेहमी शेवटच्या बाकावर बसत असे. हुशार होता, डोळेही चांगले होते. त्याच्या डोक्याच्या मागे चाईचे दोन चट्टे होते. एकदा प्रयोगशाळेत त्यानेच सहज सांगितले, “सर, आपल्या मागे कोणी बसलेलं नसलं की बरं वाटतं. मग फळ्याकडे लक्ष लागतं.” त्याचा आकडा काढला असता तर चार-पाचच्या वर गेला नसता.

भुवया आणि पापण्यांची गोष्ट तर आणखी चमत्कारिक. ‘सॉल्ट’मध्ये त्यांना भारच नाही! सगळ्या भुवया आणि पापण्या गेल्या तरी आकडा शून्यच राहू शकतो. रुग्णांशी बोलल्यावर मात्र हेच पुन्हा पुन्हा पुढे येते. डोक्याला टोप किंवा रुमाल चालतो, चेहऱ्याला काय लावायचे? भुवया नसलेला चेहरा ओळखू येत नाही, त्यावरचे भाव समजत नाहीत. शिवाय कपाळावरचा घाम सरळ डोळ्यांत उतरतो. पापण्यांच्या केसांचा उपयोग काय, हे तर पदार्थविज्ञानानेच दाखवून दिले आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी २०१५ मध्ये डोळ्याची प्रतिकृती वातबोगद्यात ठेवून प्रयोग केले. पापण्यांच्या केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या सुमारे एक तृतीयांश असली, की डोळ्यावरून जाणारी हवा सर्वांत मंद होते, ओलावा कमी उडतो आणि धूळही कमी बसते. केस याहून आखूड असले तर आडोसा अपुरा पडतो; लांब असले तर ते हवा उलट डोळ्याकडेच वळवतात. निरनिराळ्या बावीस सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या, तर हेच प्रमाण आढळले. तेव्हा पापण्या परत मागणारा रुग्ण केवळ रूप मागत नसतो.

आता औषधांकडे वळू. केसाच्या मुळावर हल्ला करणाऱ्या पेशींना संदेश पोचवणाऱ्या साखळीत जानस कायनेज नावाची प्रथिने असतात. (जानस हा रोमन लोकांचा दोन तोंडांचा देव. या प्रथिनाला दोन सारखे भाग असल्यामुळे हे नाव दिले गेले.) ही साखळी तोडणारी औषधे आधी सांधेदुखीसारख्या विकारांसाठी तयार झाली होती. २०१४ मध्ये येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी अंगावरचे सगळे केस गेलेल्या एका पंचवीस वर्षांच्या तरुणाला त्यांपैकी एक औषध दिले. त्याला सोरायसिस हा त्वचाविकारही होता. औषध घेतल्यावर त्याच्या डोक्यावर, भुवयांवर आणि पापण्यांवर केस उगवले. त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठातल्या अँजेला क्रिस्टियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कसे घडते त्याचा उलगडा केला. क्रिस्टियानो यांना स्वतःलाही चाई झालेली आहे.

मग मोठ्या चाचण्यांची तयारी सुरू झाली आणि पेच पडला. यश म्हणजे काय? तोवरच्या प्रयोगांत पुष्कळदा ‘आकडा निम्म्यावर आला की यश’ असे धरत. ऐकायला ठीक वाटते. पण आकडा १०० वरून ५० वर आलेल्या माणसाचे अर्धे डोके अजून कोरेच असते! आपल्या आलेखाच्या दुसऱ्या कागदासारखे. चट्टे पूर्वीपेक्षा कमी झाले, पण टोपी काही सुटली नाही. तेव्हा संशोधकांनी अमेरिकेत रुग्णांच्या आणि तज्ज्ञ डॉक्टरांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. २०२० मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डोक्याचा शेकडा ८० भाग केसांनी भरला, तर उपचार सफल झाला असे आम्ही म्हणू, असे उत्तर आले. म्हणजे ‘सॉल्ट’चा आकडा २० किंवा त्याखाली. सुधारणा किती झाली यापेक्षा आपण कुठे पोचलो, हे रुग्णांना महत्त्वाचे वाटले. विद्यार्थ्यांना हे सांगायला नकोच. दहा गुणांवरून वीस गुणांवर गेल्यास शेकडा शंभर प्रगती होते, पण निकालपत्रावर शिक्का नापासाचाच बसतो.

या नव्या कसोटीवर बॅरिसिटिनिब या औषधाची दोन मोठ्या चाचण्यांत परीक्षा झाली. त्यांत मिळून बाराशे रुग्ण होते आणि प्रत्येकाचे निम्मे किंवा अधिक केस गेलेले होते. छत्तीस आठवड्यांत केस साधारण आठ सेंटिमीटर वाढू शकतो. तेवढा काळ दिल्यावर मोजणी झाली. रोज चार मिलिग्रॅम औषध घेणाऱ्यांपैकी एका चाचणीत शेकडा ३८.८ आणि दुसरीत शेकडा ३५.९ रुग्ण २० च्या खाली आले. बिनऔषधाच्या गोळीवर हेच प्रमाण शेकडा ६.२ आणि ३.३ होते. जून २०२२ मध्ये अमेरिकेने या औषधाला तीव्र चाईसाठी परवानगी दिली. या चाचण्यांत भुवया आणि पापण्या शून्य ते तीन अशा वेगळ्या मापाने मोजल्या होत्या, आणि ते माप डॉक्टरांबरोबर रुग्णांनीही भरायचे होते. माझ्या मते ही त्या चाचण्यांतली महत्त्वाची सुधारणा आहे.

तरी वर घेतलेले १८ आकड्याचे तीन रुग्ण विसरू नका. या कसोटीवर ते तिघेही ‘सफल’ ठरतात, डावी बाजू पूर्ण कोरी असलेला रुग्णसुद्धा. रुग्णांना विचारून ठरवलेला आकडासुद्धा शेवटी आकडाच.

शिवाय केस येणे ही एकच गोष्ट रुग्ण मागत नाहीत. ते टिकतील का, हेही त्यांना हवे असते. या औषधाने केस आलेल्या बहुतेकांचे केस औषध थांबवल्यावर पुन्हा गळू लागतात. औषध चालू ठेवायचे तर रक्ताच्या तपासण्या आल्या, खर्च आला, जंतुसंसर्गाची भीती आली. या गटातल्या औषधांवर गंभीर धोक्यांची सूचना छापलेली असते. जीवाला धोका नसलेल्या विकारासाठी किती जोखीम घ्यायची? एकजण म्हणतो, हवी ती घेईन. दुसरा वस्तऱ्याने डोके साफ करून मोकळा होतो आणि औषध नको म्हणतो. दोघांचेही म्हणणे मला पटते.

पहिल्या कागदासारखी, म्हणजे सगळीकडून विरळ होण्याची अवस्था पाहायची असेल, तर कर्करोगाच्या उपचारांकडे जावे लागते. झपाट्याने विभागणाऱ्या पेशी मारणारी औषधे केसाच्या मुळातल्या झपाट्याने विभागणाऱ्या पेशींनाही सोडत नाहीत. त्यावर १९७० च्या दशकात डॉक्टरांनी एक साधा उपाय सुरू केला. औषध शिरेतून जात असताना डोक्यावर बर्फ ठेवायचा. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, मुळांशी औषध कमी पोचते आणि पेशींचे व्यवहारही मंदावतात. आता बर्फाऐवजी आतून थंड द्रव फिरणारी टोपी असते आणि टाळूचे तापमान वीस अंश सेल्सिअसच्या आसपास आणले जाते. टोपी घालण्याआधी केस ओले करतात. कारण तुम्ही ओळखले असेल. केसांत अडकलेली हवा उष्णतेची मंद वाहक आहे. पाणी तिच्या वीसपटीहून चांगले वाहक आहे. टोपी आणि टाळू यांच्यामध्ये हवेची पोकळी राहिली, तर नेमक्या तेथलेच केस जातात.

अमेरिकेतल्या एका चाचणीत (२०१७) टोपी घातलेल्या ९५ स्त्रियांपैकी ४८ जणींचे केस राहिले. न घातलेल्या ४७ पैकी एकीचेही राहिले नाहीत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातही अशी चाचणी झाली. तिचा वृत्तांत २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तेथेही टोपी घालणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींना यश आले. येथे ‘केस राहिले’ म्हणजे काय, तर निम्म्यापेक्षा कमी गेले आणि टोप घालावा लागला नाही. चाईच्या रुग्णांनी ८० मागितले. येथे ५० पुरतात, कारण निम्मी घनता राहिली तर पाहणाऱ्याला फारसे कळत नाही. उपचार संपल्यावर बहुतेकींचे केस परत येतातच. मग हा खटाटोप कशासाठी? आपला आजार कोणाला सांगायचा आणि कोणाला नाही, हे आपल्या हाती राहावे, डोक्याने तो परस्पर सांगून टाकू नये, यासाठी.

अशा गोष्टी मोजायच्या कशा? वेल्समधल्या कार्डिफ येथे फिन्ले आणि खान यांनी १९९४ मध्ये त्वचाविकार झालेल्यांसाठी दहा प्रश्नांची एक पत्रिका केली. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, कमाल तीस. ती जगभर वापरली जाते. पण तिचा पहिलाच प्रश्न खाज आणि दुखण्याचा आहे. चाईचा रुग्ण तेथे शून्य लिहितो आणि एकूण आकडा आपोआप खाली येतो. खरजेसाठी केलेली पट्टी चाईला लावली की असे होणारच. पुढच्याच वर्षी मुलांसाठी वेगळी पत्रिका निघाली. गेल्या आठवड्यात तुला संकोच वाटला का, मित्रांवर परिणाम झाला का, खेळायला किंवा पोहायला जाणे टाळलेस का, कोणी चिडवले का, झोप लागली का, असे तिचे प्रश्न आहेत. आणि शेवटचा, दहावा प्रश्न असा, की जो उपचार चालू आहे त्याचाच तुला किती त्रास झाला?